ज्वालामुखीवरचं ध्यान आणि पाटलाचे पाहुणे

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी पुण्यातल्या मामेभावाने व्हॉट्सॲपवर एक पोस्टर पाठवलं. केशरी आकाश, काळा डोंगर, डोंगराच्या टोकावर मांडी घालून बसलेली एक बाई आणि वर ठळक अक्षरांत : 'ज्वालामुखीच्या शिखरावर सूर्यास्त ध्यान'. खाली बारीक अक्षरांत कळसूबाई, बस, दोन वेळचा चहा, एक जेवण, मार्गदर्शक आणि शेवटी प्रमाणपत्र. ध्यानाचं प्रमाणपत्र. त्यावर काय लिहिलेलं असेल याचा मी बराच वेळ विचार केला. 'अमुक यांनी तमुक तारखेला शांत बसून दाखवलं'?

मी राहतो सोनईला. कळसूबाई आमच्याच जिल्ह्यात, पण जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आम्ही पूर्वेच्या सपाटीवर उसात, ती पश्चिमेला अकोले तालुक्यात पावसात. जिल्ह्याचं नाव बदललं, अंतर काही बदललं नाही. राहुरी, संगमनेर, अकोले, राजूर करत बारी गावी पोचायला चार तास लागतात. भाऊ म्हणाला, तू थेट बारीला ये, आम्ही पुण्याहून येतो. पैसे त्याने भरले होते, म्हणून गेलो. हे सगळं लिहिण्याआधी ते कबूल करून टाकतो, कारण फुकट गेलेल्या माणसाने टीका करू नये असं कोणीतरी म्हणणारच.

वर काय झालं ते थोडक्यात. चाळीसेक जण होतो. चार-साडेचारला माथ्यावर पोचलो. देवीचं छोटंसं देऊळ आहे, त्याच्याभोवती जेमतेम जागा. त्या जागेत योगासनांच्या चटया अंथरल्या गेल्या. मार्गदर्शकाने ब्लूटूथ स्पीकर लावला, त्यातून बासरी आणि कुठलेसे घंटानाद. मग तो म्हणाला, आपण आत्ता एका प्रचंड ज्वालामुखीच्या मुखावर बसलो आहोत. खाली, खूप खाली, तो लाव्हा अजून धगधगतो आहे. त्याची ऊर्जा मूलाधारातून वर घ्या. सूर्य अलंग-मदन-कुलंगच्या दिशेला खाली सरकत होता आणि चाळीस माणसं डोळे मिटून बसली होती. सूर्यास्त बघायला आलेल्या माणसांनी सूर्यास्ताच्या वेळी डोळे मिटले, यातला विनोद तेव्हा फक्त देवळाच्या पायरीशी ताकाचा हंडा घेऊन बसलेल्या मावशींना कळला असावा. त्या हसत होत्या.

मी त्यांच्याकडून ताक घेतलं आणि विचारलं, "मावशी, हा ज्वालामुखी आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?" त्या म्हणाल्या. "ही तर आमची बाई आहे."

माझं सगळं भांडण या दोन वाक्यांपाशी आहे.

आधी ज्वालामुखीचा निकाल लावू. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. तिचा दगड ज्वालामुखीतून आलेला आहे, हे शंभर टक्के खरं. पण तसा तर माझ्या घराच्या पायाचा दगडही ज्वालामुखीतूनच आलाय. साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. जपानच्या फुजीसारखा शंकू नाही, तोंड नाही, चित्रातल्यासारखा धूर ओकणारा डोंगर नाही. उतू गेलेल्या दुधासारखा तो पसरला, थिजला, मध्ये काही काळ शांतता गेली, कुठे माती झाली, मग त्यावर पुन्हा नवा लोंढा. असे थरावर थर. आज उरलेला भागच पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. सह्याद्रीच्या कुठल्याही कड्याकडे बघा, आडव्या पायऱ्या दिसतात. त्या पायऱ्यांवरूनच या दगडाला 'ट्रॅप' म्हणतात. जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव आलं. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी लाल पट्टा दिसतो, ती दोन लोंढ्यांच्या मधल्या काळातली माती.

म्हणजे कळसूबाईचा माथा हे कुठल्याही ज्वालामुखीचं मुख नाही. तिथे कधी काही उसळलं म्हणून तो उंच झाला, असं घडलेलं नाही. एकेकाळी आजूबाजूला सगळीकडे दगड होता. पावसाने आणि नद्यांनी तो लाखो वर्षं कापून, झिजवून, वाहून नेला. जे जायचं राहिलं त्याला आपण शिखर म्हणतो. आणि खाली धगधगणारा लाव्हा? तो दगड कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झालाय. भारतात सध्या जागा असलेला ज्वालामुखी बघायचा असेल तर अंदमानजवळच्या बॅरन बेटाकडे जावं लागतं. तिथे बसायला चटई कोणी देत नाही.

यातली सगळ्यात मजेची गोष्ट तर त्या मार्गदर्शकाला माहीतच नव्हती. भूशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या या थरांचे तीन मोठे गट पाडलेत. सगळ्यात वरचा वाई गट, मधला लोणावळा गट आणि सगळ्यात खालचा, म्हणजे सगळ्यात जुना, त्याचं नाव कळसूबाई गट. राज्यातल्या सगळ्यात उंच डोंगराचं नाव सगळ्यात तळच्या दगडांना. कारण हे सगळे थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. त्यामुळे महाबळेश्वरात जे थर डोक्यावर आहेत ते इकडे उत्तरेला कधीच झिजून गेले आणि तळचे उघडे पडले. हे ऐकून माझ्या अंगावर तरी काटा येतो. यासाठी मूलाधारातून काही वर ओढावं लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, एवढं काय मनाला लावून घेतोस. 'ज्वालामुखी' हे रूपक समज. माणसं दमलेली असतात, आठवडाभर स्क्रीनला चिकटलेली असतात, एक संध्याकाळ डोंगरावर शांत बसली तर तुझं काय जातं?

शांत बसण्याने माझं काही जात नाही. मला स्वतःला त्या संध्याकाळी, स्पीकर बंद झाल्यावरच्या पाच मिनिटांत, भंडारदऱ्याचं पाणी तांबूस होऊन मग राखाडी होताना दिसलं आणि घशात काहीतरी अडकलं. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तिशीच्या आतल्या माणसांच्या डोक्यात आज जे चाललंय, नोकरी, हप्ते, लग्न, नुसती धडधड, त्यावर डोंगराचा उतारा चालतो हे मला मान्य आहे. माझा आक्षेप 'ज्वालामुखी' या शब्दाला आहे, कारण तो रूपक म्हणून वापरलेला नाही, कब्जा म्हणून वापरलेला आहे.

बघा ना. डोंगर 'कळसूबाईचा' असेल तर ती बाई कोण हे विचारावं लागतं. तिचे लोक कोण, ते तिला काय म्हणतात, कधी वर जातात, काय वाहतात, काय चालतं, काय चालत नाही, हे सगळं विचारावं लागतं. उत्तर द्यायला खाली बारीत माणसं आहेत, म्हणजे त्यांच्याशी बोलावं लागतं. पण डोंगर 'ज्वालामुखी' असेल तर कोणालाच विचारायला नको. ऊर्जा ना कोळ्याची ना पाटलाची. ती कोणाचीच नाही, म्हणून जो पहिल्यांदा पोस्टर काढेल त्याची. तिला पुजारी लागत नाही, प्रशिक्षक लागतो. आणि प्रशिक्षक शहरातून येतो.

ती बाई कोण ते आता सांगतो, कारण पोस्टरवर ते नव्हतं आणि चाळीसपैकी कोणीच विचारलं नाही. कळसू ही कोळ्याची मुलगी. ती एका पाटलाकडे कामाला राहिली. राहण्याआधीच तिने अट घातली : केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, बाकी सांगाल ते काम करीन. पाटलाने मान्य केलं. दिवस बरे गेले. मग एक दिवस पाटलाकडे पाहुणे आले. पाहुणे आले म्हटल्यावर घरात गडबड, आणि त्या गडबडीत कळसूला केर काढायला लावला, भांडीही घासायला लावली. तिने ती कामं केली. पण मग ती रागाने डोंगर चढून गेली आणि वरच राहिली. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात, केर काढला त्या जागेला काळदरा. अशी कथा आहे, आणि ती कोणीही गुगलवर दोन मिनिटांत वाचू शकतो.

मला या कथेचं भयंकर आकर्षण आहे. आपल्याकडे देव बहुतेक राक्षस मारून, तप करून किंवा कोणाच्या स्वप्नात येऊन देव होतात. ही मोलकरीण कामाच्या अटी मोडल्या म्हणून देवी झाली. नोकरीच्या करारात लिहिलेलं एक आणि करायला लावलेलं भलतंच, हा अनुभव आज आयटी पार्कात बसलेल्या प्रत्येकाला आहे. त्या चाळीस जणांत निम्मे तरी त्याच त्रासाने डोंगरावर आले होते. खरं तर त्यांचीच देवी ती! पण त्यांना तिच्या देवळाशेजारी बसवून सांगितलं गेलं की डोळे मिटा आणि लाव्हाचा विचार करा.

आणि पाहुण्यांचं काय? कथेत दोष पाटलाचा आहे, पण निमित्त पाहुणे आहेत. त्या संध्याकाळी वर काय चाललं होतं ते पुन्हा आठवून बघतो. आमचं जेवण खाली बारीत रांधलं जात होतं. वर चहासाठी लागलेलं पाणी एका पोराने पाठीवर आणलं होतं. मावशींनी ताकाचा हंडा सकाळी डोक्यावर घेऊन लोखंडी शिड्या चढल्या होत्या. ज्या शिड्यांवर आमच्यातल्या तिघांनी रडकुंडीला येऊन हात सोडायला नकार दिला, त्याच. ध्यान संपल्यावर चटयांच्या आसपास पडलेले ग्लास, टिश्यू आणि चॉकलेटचे कागद कोणी गोळा केले? मावशींनी आणि त्या पोराने. म्हणजे केर काढला. आमची ताटं रात्री कोणी घासली ते सांगायला नको. कळसू ज्या दोन कामांना नाही म्हणून डोंगरावर गेली, तीच दोन कामं आम्ही तिच्या लेकीबाळींना तिच्याच डोंगरावर आणून दिली. वर त्याला अध्यात्म म्हटलं.

यावर त्या संध्याकाळच्या आयोजकाचं उत्तर मला माहीत आहे, कारण मी बसजवळ त्याला विचारलं होतं. "सर, आमच्यामुळे गावाला रोजगार मिळतो." मिळतो, खोटं नाही. बारीतल्या अनेक घरांना शनिवार-रविवारच्या ट्रेकर्समुळे दोन पैसे मिळतात आणि ते बंद व्हावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण पुण्यात एका माणसाकडून जे घेतलं आणि बारीत एका ताटामागे जे दिलं, ते दोन्ही आकडे पोस्टरवर शेजारी शेजारी छापा. मग रोजगारावर बोलू. तो म्हणाला, सर, तुम्ही फार निगेटिव्ह एनर्जीत आहात.

असो.

हा डोंगर ज्यांचा आहे त्यांची ओळख नुसती 'साधे भोळे आदिवासी' अशी करून देण्याचीही एक पद्धत आहे. तीही मला मान्य नाही. हा महादेव कोळ्यांचा मुलूख आहे. याच अकोले तालुक्यातल्या देवगावचा राघोजी भांगरे सावकारांच्या आणि कंपनी सरकारच्या विरोधात उठला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. सत्तावन्नच्या नऊ वर्षं आधी. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे गावठी बियाणं जपत राहिल्या आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना कोणत्या वेलाचं बी कोणत्या मातीत रुजतं याचं जे ज्ञान आहे ते कुठल्याही प्रमाणपत्रात मावणारं नाही. या डोंगररांगांत ऊर्जा शोधायचीच असेल तर ती इथे आहे. तिच्यासाठी मात्र डोळे उघडे ठेवावे लागतील.

मी सोनईचा असल्यामुळे मला या विषयावर बोलण्याचा थोडा जास्त अधिकार आहे, आणि थोडा कमीही. आमच्यापासून पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर. देवाभोवती बाजार कसा उभा राहतो हे आम्ही लहानपणापासून बघतोय. एक काळी शिळा. पुरात वाहून आलेली, गुराख्याने काठी टोचली तर रक्त आलं अशी कथा. तिला छप्पर नाही, कारण आकाश हेच माझं छप्पर असं देवानेच स्वप्नात सांगितलं म्हणतात. घरांना दारं-कुलपं नाहीत, म्हणून जगभरातून कॅमेरे आले. मग तेल आलं, पार्किंग आलं, रस्त्यात गाडी अडवून 'पूजेचं साहित्य इथेच मिळेल' म्हणणारी पोरं आली. त्यांतले काही माझे वर्गमित्र. २०१६ च्या गुढीपाडव्याला बायकांसाठी चौथरा उघडला, तोही आंदोलन आणि कोर्टानंतर. म्हणजे आमच्याकडचं अध्यात्म स्वच्छ आणि पुण्याहून आलेलं तेवढं बाटलेलं, असं मी म्हणत नाहीये. गावच्या देवस्थानात कोण किती खातो याच्या गप्पा आमच्या पारावर रोज चालतात.

पण एक फरक आहे. शिंगणापूरची कथा गावाची आहे. ती खरी-खोटी जी काय असेल ती गावाने सांगितली, गावानेच तिच्यावर भांडणं केली, पैसा आला तो जिल्ह्यात फिरला, अन्याय झाला तर कोणाविरुद्ध उभं राहायचं हे माहीत होतं. चौथऱ्यावर जाऊ द्या अशी मागणी करायला समोर विश्वस्त होते. ऊर्जेचे विश्वस्त कोण? कोणाकडे निवेदन द्यायचं?

जगात जिथे खरोखरचे ज्वालामुखी आहेत आणि ते खरोखर पवित्र मानले जातात, तिथे काय चालतं ते बघण्यासारखं आहे. हवाईतला मौना केआ, ४२०७ मीटर. तिथला सूर्यास्त बघायला जगभरातून लोक येतात, सूर्यास्ताच्या सहलीच निघतात. तिथल्या मूळ लोकांसाठी तो माथा देवांचा, बर्फाच्या देवीचा, पोलिआहूचा. म्हणूनच तिथे उठसूट जायचं नसतं. त्या माथ्यावर आधीच असलेल्या दुर्बिणींच्या शेजारी आणखी एक प्रचंड दुर्बीण होणार म्हटल्यावर जुलै २०१९ मध्ये म्हातारी माणसं रस्त्यावर खुर्च्या टाकून बसली आणि पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. त्यानंतर २०२२ मध्ये तिथल्या सरकारला कायदा करून डोंगराच्या कारभारात मूळ रहिवाशांना जागा द्यावी लागली. जावातल्या ब्रोमोवर तेंग्गर लोक वर्षातून एकदा, त्यांच्या पंचांगाप्रमाणे, भाज्या, कोंबड्या, धान्य घेऊन जातात आणि धुमसत्या विवरात टाकतात. दोन्हीकडे सूत्र एकच : डोंगर कोणाचा तरी आहे, आणि कधी जायचं हे ते ठरवतात. दर शनिवारी दुपारी निघणाऱ्या बसचं वेळापत्रक ते ठरवत नाही.

हे आपल्याला परकं आहे असंही नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. हजारो लोक रात्रभर चालतात, डोंगराला वळसा घालून. कैलासाला प्रदक्षिणा असते, माथ्यावर कोणी जात नाही. १९५५ मध्ये कांचनगंगेवर पहिल्यांदा पोचलेले दोन इंग्रज गिर्यारोहक माथ्याच्या काही पावलं आधी थांबले, कारण सिक्कीमच्या राजाला तसा शब्द दिला होता. जगातला तिसऱ्या क्रमांकाचा डोंगर, अख्खा चढून आले आणि शेवटची चार पावलं टाकली नाहीत. मला विचाराल तर डोंगरावरच्या ध्यानाचा इतका चांगला नमुना दुसरा नाही.

कळसूबाईवर मात्र देऊळ माथ्यावरच आहे आणि लोक वर जातातच. नवरात्रात जत्रा भरते, आजूबाजूच्या गावांतून बायका, म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या लेकी चढतात. त्यामुळे चढू नका असं मी म्हणू शकत नाही आणि म्हणणारही नाही. मी वेळेबद्दल बोलतोय. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि अर्ध्या तासात मिट्ट काळोख होतो. खाली उतरायला दोन-अडीच तास, मध्ये शिड्या, दवाने ओले झालेले दगड. त्या दिवशी आमच्या चाळीस जणांत टॉर्च होत्या सतरा. मी मोजल्या. बाकीच्यांनी मोबाईलचे दिवे लावले, ज्यांची बॅटरी दिवसभर फोटो काढून आधीच दहा टक्क्यांवर आली होती. दुसऱ्या शिडीवर एका मुलीचा पाय घसरला, घोटा मुरगळला. मार्गदर्शक पुढे निघून गेला होता. तिला पाठुंगळी घेऊन खाली कोणी आणलं असेल? चहाचं पाणी आणणाऱ्या त्या पोरानेच. त्याचं वय सतरा-अठरा असेल. दहा वाजता आम्ही बारीत पोचलो तेव्हा त्याची आई दारात उभी होती. तिच्या तोंडावर जे होतं त्याला मी तरी सकारात्मक ऊर्जा म्हणणार नाही.

आपल्याकडे या वेळेला तिन्हीसांजा म्हणतात. दिवा लावायची वेळ, गुरं घरी यायची वेळ, कोणी बाहेर असेल तर आईने उंबऱ्यात येऊन बघायची वेळ. यातला अंधश्रद्धेचा भाग सोडून द्या, त्यामागचं व्यवहारज्ञान ठेवा. डोंगरातला माणूस या वेळेला खाली असतो. त्याला वर थांबवून ठेवायला आपण पैसे मोजतो आणि त्या पैशाला नाही म्हणण्याइतकी त्याची परिस्थिती नसते. कळसूने निदान अट तरी घातली होती. या पोराला अट घालायची संधीही कोणी दिली नाही.

हा सगळा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, हे जाता जाता. रात्री स्पीकर, दिवे आणि चाळीस माणसांचा कोलाहल घेऊन उतरताना तिथल्या प्राण्यांना काय वाटत असेल यावर मी वेगळं लिहीन.

माझं आणि त्या डोंगराचं नातं मला परतीच्या वाटेवर सुचलं. सुचलं म्हणजे काय, गाडीच्या खिडकीतून दिसलं. प्रवरा रतनगडाच्या बाजूला उगम पावते, भंडारदऱ्यात अडते, आणि मग अकोले, संगमनेर करत आमच्या नेवासे तालुक्यात येते. मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूने येते, तिच्यावर राहुरीला धरण आहे, त्याचा उजवा कालवा आमच्याकडे येतो. आमच्या सोनईच्या साखर कारखान्याचं नावच मुळा. म्हणजे त्या डोंगरांवर पडलेला पाऊस आमच्या उसात आणि त्या डोंगरांची झीज आमच्या काळ्या मातीत. काही नद्यांनी आणली, काही इथल्याच दगडाची झाली, पण दगड तोच. त्या मार्गदर्शकाला ज्वालामुखीच पाहिजे होता तर सोनईच्या शिवारात यायचं, ढेकळावर बसायचं. तेवढंच खरं, आणि शिड्या नाहीत. नेवाशात तर ज्ञानेश्वर एका खांबाला टेकून बसले, सपाटीवर, प्रवरेकाठी, आणि १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगून पूर्ण केली. त्यांना उंची कमी पडली असं कोणी म्हटल्याचं ऐकलं नाही.

आणि या पाण्याच्या हिशोबात आम्ही सोनईकरही पाहुणेच आहोत, हेही लिहायला हवं. वर पावसाळ्यात पाणी धो धो कोसळतं आणि उन्हाळ्यात तिथल्याच वाड्यांवर बायका हंडे घेऊन झऱ्याशी तासन्‌तास बसतात. पाणी खाली येऊन आमचा ऊस पितो. आमच्याकडे पाण्यावरून मराठवाड्याशी भांडण होतं, जायकवाडीला सोडायचं की नाही यावर मोर्चे निघतात. ते पाणी जिथे पडतं त्यांचं नाव त्या भांडणात कधीच नसतं. मी एका संध्याकाळच्या चाळीस चटयांवर एवढा लेख लिहितोय आणि कालव्यावर ओळही लिहीत नाही, असं बारीतल्या कोणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

मी पुन्हा गेलो होतो, जानेवारीत, एकटा. भल्या पहाटे नाही आणि सूर्यास्तालाही नाही, सकाळी आठला चढायला लागलो. आदल्या रात्री बारीतच एका घरी राहिलो, पैसे थेट त्यांच्या हातात दिले. कळसूची गोष्ट त्या घरातल्या आजींनी सांगितली, त्यात पाटलाच्या बायकोला भरपूर शिव्या होत्या. छापील कथेत त्या नाहीत. वर मावशी होत्याच. ओळखलं त्यांनी. म्हणाल्या, "आज डोळं नाही मिटायचं का?" दुपारी दोनपर्यंत बसलो. चारला खाली. सूर्यास्त मी राजूरच्या पुढे एसटीच्या खिडकीतून पाहिला, आणि तो चांगला होता.

हा मजकूर मी मामेभावाला आधी वाचायला दिला. त्याने अंगठा पाठवला. पाठोपाठ नवं पोस्टर. 'लोणार : ज्वालामुखीच्या विवरात पौर्णिमा ध्यान'. मी त्याला लिहिलं की ते विवर उल्का आदळून झालंय, ज्वालामुखीने नाही. दोन निळ्या टिका आल्या. मग तो म्हणाला, "बस शनिवारी सहाला आहे. तुझी सीट धरू का?"